विजेचा सारथी

आमच्या विदर्भांत ‘नियमन’ हा शब्द लहान मुलांसहि ठाऊक आहे. परंतु तो त्यांना संस्कृताच्या पुस्तकानें नव्हे, भारनियमनानें शिकविला. २००५ च्या पुढील कांहीं वर्षांत तालुक्याच्या गांवांतून दिवसाकाठीं कित्येक तास वीज नाहींशी होत असे, आणि तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा घरांतील बायकांस पंचांगांतील राहुकाळाप्रमाणें पाठ झाल्या होत्या. ते दिवस सरले. तथापि वीज घरांत आली एवढ्यानें ती शहाणी झाली असें होत नाहीं. ओलिताच्या हंगामांत पंप सुरू झाले म्हणजे आमच्या आर्वीच्या घरांतील २३० व्होल्टांचा दाब २०० वर उतरलेला मीं स्वतः मोजला आहे, आणि रात्रीं मागणी ओसरल्यावर तोच २६० पर्यंत चढलेलाहि पाहिला आहे. फ्रीजच्या डोक्यावर ‘स्टॅबिलायझर’ नांवाची पेटी बसविण्याची जी चाल आपल्याकडे पडली, तिचें मूळ या चढउतारांत आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ती पेटी नाहीं. तिचा धाकटा, पण अधिक कांटेकोर भाऊ हा आहे. ज्या मुलांस हौसेनें रेडिओ, ध्वनिवर्धक, छोट्या मोटारी अशा वस्तु स्वतःच्या हातांनीं जुळवावयाच्या असतात, त्यांस एकाच दिशेनें वाहणारी, स्थिर दाबाची, हवी तशी कमीजास्त करतां येणारी आणि प्रसंगीं भरपूर प्रवाह पुरविणारी वीज लागते. ती देणाऱ्या यंत्रास ‘दाब-नियामक’ म्हणावें. शाळेच्या प्रयोगशाळेंत ‘बॅटरी एलिमिनेटर’ म्हणून जी डबी असते ती याच कुळांतली; पण तिचें बळ बहुधा एखाद-दुसऱ्या अँपिअरपलीकडे जात नाहीं. आमच्या घरीं गेल्या वर्षीं असा एक मोठा नियामक तयार झाला, आणि त्याच्या निमित्तानें घरांत जो विचार झाला तो इतर घरांसहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

जन्मभर शब्दरूपें पढविणाऱ्या मास्तरानें या भानगडींत कां पडावें, असें कोणी विचारील. त्यास माझें उत्तर व्याकरणाचेंच आहे. ‘यम्’ या धातूचा अर्थ आवरणें, ताब्यांत ठेवणें. या एका धातूपासून ‘नियम’ झाला, ‘संयम’ झाला, ‘नियामक’ झाला आणि ‘यंत्र’हि झालें. रथाचे घोडे आवरणारा जो सारथी त्यास संस्कृतांत ‘यंता’ म्हणतात; तोहि याच धातूचा. तेव्हां आपल्या पूर्वजांच्या भाषेंत यंत्राचें मुख्य लक्षण धांवणें हें नसून आवरून धरणें हें आहे. सारथ्याचें काम कसें चालतें तें पाहावें. त्याची दृष्टि वाटेवर असते व हात लगामावर असतो. घोडा ओढूं लागला कीं लगाम आंखडावयाचा, मंदावला कीं सैल सोडावयाचा. पाहणें, ठरल्या गतीशीं ताडणें आणि आवरणें या तीन क्रिया त्यास अखंड कराव्या लागतात. विजेच्या नियामकांत याहून निराळें कांहीं घडत नाहीं.

ही कल्पना यंत्रशास्त्रांत आजची नाहीं. जेम्स वॅटनें १७८८ सालीं वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा नियंता बसविला. इंजिन जोरांत फिरूं लागलें कीं गोळे दूर फांकत आणि वाफेची वाट आपोआप अरुंद होई. पुढें १८६८ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेलनें अशा नियंत्यांवर गणिती निबंध लिहिला. आतां बंद झालेली पुलगांव–आर्वी ही छोटी गाडी ज्यांस आठवते, त्यांस तिच्या इंजिनांत वाफ कमीजास्त सोडणारा चालकाचा दांडाहि आठवत असेल. त्याचें नांव ‘रेग्युलेटर’च. तेथें पाहणारा डोळा चालकाचा होता. आमच्या यंत्रांत तो डोळाहि यंत्राच्याच पोटांत असतो, इतकाच भेद.

आतां प्रकरण घरांत कसें आलें तें सांगतों. आमच्याकडे तीन पिढ्या एकत्र नांदतात. माझे वडील बंधु, ज्यांस आम्ही सर्व जण दादा म्हणतों, हे घराचे कर्ते. त्यांचा नातू गेल्या वर्षीं बारावी झाला. गुण बेताचे पडले. आणखी एक वर्ष खर्चून, नागपूरच्या एखाद्या शिकवणीवर्गांत ठेवून, त्यास पुन्हा प्रवेशपरीक्षेस बसवावें असा घरांतील बहुतेकांचा विचार. आणि मुलाच्या मनांत तंत्रनिकेतनांत जाऊन इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घ्यावी असें. मुलगा बोलका नाहीं. त्यानें आपलें म्हणणें एकदां सांगितलें आणि तो माडीवरच्या खोलींत आपल्या तारांकडे वळला. दादा म्हणाले, “गुण कां पडले नाहींत, त्याचें उत्तर त्या तारांतच आहे.” त्यावर कोणासहि उत्तर सुचलें नाहीं. घरांत भांडण झालें नाहीं. परंतु पंगतीला मुलगा खालीं मान घालून जेवूं लागला, आणि एकत्र कुटुंबांत भांडणाहून ही खालीं घातलेली मान अधिक जड असते, हें वाचकांस सांगावयास नको.

त्याच सुमारास बाजारांतून आणलेल्या एका तयार पेटीनें त्याच्या ध्वनिवर्धकाचा बळी घेतला. पेटीवर १२ व्होल्ट असें छापलेलें होतें. मापून पाहिल्यावर भार नसतांना ती १८ व्होल्ट देत असल्याचें आढळलें. तींत नियामक असा नव्हताच. मुलानें आरडाओरड केली नाहीं. त्यानें वही उघडली आणि आपला नियामक आपणच करावयाचा असें ठरविलें. मी रिकामा माणूस. दुपारच्या वेळीं त्याच्याजवळ बसूं लागलों. मॅट्रिकला पाठ केलेला ओमचा नियम माझ्या स्मरणांत होता. बाकीचें सर्व त्यानें मला शिकविलें. पुढें जें लिहिलें आहे तें त्या शिकवणीचें फळ होय.

रचनेचा आरंभ मागणीपासून करावा लागतो. हौशी कामास बहुधा ५, ९ आणि १२ व्होल्ट लागतात. म्हणून २ पासून १५ व्होल्टांपर्यंत कोणताहि दाब मिळावा, आणि त्या दाबावर ५ अँपिअर प्रवाह काढतां यावा, असें ठरलें. मागणी अशी एका ओळींत लिहिली कीं पुढील प्रत्येक आंकडा तिच्यातून ओघानेंच निघतो.

पहिला मान ट्रान्सफॉर्मरचा. वर्तमानपत्रें ज्यास रोहित्र म्हणतात तो. आमच्या गांवीं शेतांतील पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर आहेत. त्यांपैकीं एकाच्या दुकानांत मुलगा चार दिवस जाऊन बसला. पुस्तकाचें गणित असें होतें कीं, लोखंडी पत्र्यांच्या मधल्या खांबाचें क्षेत्रफळ सुमारें १६ चौरस सेंटिमीटर असल्यास दर व्होल्टास तीन वेढे पुरतात. त्यावरून २३० व्होल्टांच्या बाजूस ६९० वेढे, २० व्होल्टांच्या बाजूस ६० वेढे, आणि त्यांतच ३६ व्या वेढ्यावर १२ व्होल्टांसाठीं एक फांटा. कारागिरास हें सूत्र ठाऊक नव्हतें. पण पत्र्यांच्या थप्पीवर हात ठेवून त्यानेंहि तीनच वेढे सांगितले. वर म्हणाला, “गुरुजी, वहीतला हिशोब बराबर हाय, पण तांब्याले भाराखाली दाब तुटतो. दोन वेढे वाढीव टाका.” ते टाकले, आणि पुढें ते कामास आले.

ट्रान्सफॉर्मरांतून निघणारी वीज सेकंदास पन्नास वेळां मागेंपुढें होते. चार डायोडांच्या पुलावरून ती नेली म्हणजे एकाच दिशेनें वाहूं लागते. पण लाटांनीं वाहते. २० व्होल्टांची लाट शिखरावर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे २८ व्होल्टांवर चढते. त्यांतून पूल आपला दोन व्होल्टांचा जकात घेतो. उरलेल्या २६ व्होल्टांखालीं कपॅसिटर ठेवावा लागतो. हा कपॅसिटर म्हणजे नळाखालचा रांजण समजावा. नळाला पाणी थांबून थांबून येतें, पण रांजणाच्या तोटीतून धार अखंड पडते. मात्र दोन भरण्यांच्या मधल्या वेळांत रांजणांतील पातळी थोडी उतरते. आमचा रांजण सेकंदास १०० वेळां भरतो. २०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला आणि ५ अँपिअर ओढले, तर पातळी दर खेपेस अडीच व्होल्ट उतरते. अर्धाच रांजण घेतला तर पांच व्होल्ट उतरली असती.

येथें आर्वीचा प्रश्न उभा राहतो. पुस्तकें २३० व्होल्ट धरून चालतात. आमच्या घरीं हंगामांत २०० च असतात. तेव्हां २० चे १७.४ होतात, शिखर साडेचोविसांवर येतें, आणि पुलाचे दोन व अडीच व्होल्टांचा उतार वजा करतां सुमारें २० उरतात. नियामकास स्वतः काम करण्यासाठीं पांच व्होल्टांची मोकळीक लागते. राहिले १५. आम्ही १५ व्होल्टांची मागणी कां ठरविली याचें रहस्य हें आहे. पुण्यामुंबईस हेंच यंत्र अठरा व्होल्ट सुखानें देईल. परंतु जें वर्षाच्या बाराहि महिन्यांत पाळतां येईल तेंच वचन द्यावें, हा नियम माणसांप्रमाणें यंत्रांसहि लागू आहे.

आतां सारथी. १९६७ सालीं अमेरिकेंतील फेअरचाइल्ड कंपनीनें ‘७२३’ नांवाची चौदा पायांची चिप बाजारांत आणली. पुढें १९७६ मध्यें बॉब डॉबकिन यानें ‘एलएम ३१७’ ही तीन पायांची चिप रचली. ती वापरण्यास फार सोपी, पण तिची शक्ति दीड अँपिअरपर्यंतच. अर्धें शतक उलटलें तरी या दोन्ही आज दुकानांत मिळतात. आम्ही जुनी ७२३ घेतली, कारण तिच्यांत सारथ्याचे तिन्ही व्यापार वेगळे दिसतात आणि शिकणाऱ्यास तें हितकर असतें. तिच्या पोटांत ७.१५ व्होल्टांचा एक स्थिर दाब असतो. उन्हाळ्याहिवाळ्यानें तो फारसा ढळत नाहीं. हें तिचें प्रमाण. बाहेर जाणाऱ्या दाबाचा ठराविक अंश ती घेते आणि प्रमाणाच्या अंशाशीं ताडून पाहते. बाहेरचा कमी पडला तर लगाम सोडते, जास्त झाला तर आंखडते. आपण बाहेरून जी कळ फिरवितों, ती केवळ किती अंश ताडावयास पाठवावा हें ठरविते. दाब आपण वाढवीत नाहीं. सारथ्याची समजूत बदलतों, आणि तो आपला आपण दाब वाढवितो. ज्या दिवशीं ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली, त्या दिवशीं मला एखाद्या कूट सूत्राचा अर्थ लागल्यासारखा आनंद झाला.

परंतु ७२३ स्वतः जेमतेम १५० मिलिअँपिअर वाहूं शकते. पांच अँपिअरांचा भार वाहण्यास तिच्यापुढें बळकट घोडे जुंपावे लागतात. ते म्हणजे ‘२एन३०५५’ जातीचे ट्रान्झिस्टर. जाड लोखंडी टोपीचे, हौशी कारागिरांच्या तीन पिढ्यांनीं वापरलेले. या ट्रान्झिस्टरच्या माहितीपत्रावर ११५ वॅट असा आंकडा छापलेला असतो, आणि सारी मेख त्या आंकड्यांत आहे.

नियामकाच्या मागें सरासरी २५ व्होल्ट उभे आहेत आणि पुढें आपण ६ व्होल्ट मागितले, तर मधले १९ व्होल्ट कोठें जातात? ते ट्रान्झिस्टर आपल्या अंगावर घेतो. प्रवाह पांच अँपिअर असेल तर १९ गुणिले ५, म्हणजे ९५ वॅट उष्णता त्याच्या देहांत निर्माण होते. ५ व्होल्टांचें काम ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्टांच्या फांट्यावरून केलें तर हीच उष्णता शंभरावरून त्रेचाळिसांवर येते. तो फांटा काढण्याचा हेतु हाच. तथापि सर्वांत वाईट प्रसंग ९५ वॅटांचा आहे आणि रचना वाईट प्रसंगासाठींच करावयाची असते. पत्रावर ११५ छापलेले. मग एक ट्रान्झिस्टर पुरावयास हवा, असें कोणासहि वाटेल. पण त्या आंकड्याखालीं बारीक अक्षरांत अट असते कीं, ट्रान्झिस्टरचें कवच २५ अंशांवर राखलें असलें पाहिजे. आर्वीस वैशाखांत सावलीतली हवाच ४५ अंशांच्या घरांत जाते. तेथें तापलेलें कवच २५ अंशांवर कोण राखणार?

मुलानें वहींत मांडलेला हिशोब येथें देतों, कारण या लेखाचा गाभा तोच आहे. हवा ४५ अंश. उष्णता हवेंत सोडणारा ॲल्युमिनियमचा मोठा पंखेदार ठोकळा, म्हणजे हीट-सिंक, दर वॅटास अर्धा अंश तापतो. ९५ वॅटांनीं तो ४७ अंश चढून ९२ वर जातो. त्यावर अभ्रकाच्या चकतीसह ट्रान्झिस्टरचें अंतरंग दर वॅटास आणखी दोन अंश तापतें. एकाच ट्रान्झिस्टरवर सर्व भार टाकला तर १९० अंश वाढून बेरीज २८२ होते. आणि त्याची मरणरेषा २०० आहे. दोन घेतले तर प्रत्येकीं साडेसत्तेचाळीस वॅट, बेरीज १८७. थंड देशांत चालेल, आमच्याकडे मरणाच्या उंबरठ्यावर. चार घेतले तर बेरीज १४०. बाहेरच्या दोन तारा चुकून एकमेकींस चिकटल्या, तरी त्या वेळच्या १२५ वॅटांनीं १७० पर्यंतच जाते. म्हणून चार.

चार घोडे जुंपले तरी ते सारखे ओढीत नाहींत. जो ट्रान्झिस्टर जरा अधिक तापतो तो अधिक प्रवाह ओढतो, अधिक ओढल्यानें अधिक तापतो, आणि शेवटीं एकटाच मरतो; मागें उरलेल्यांवर त्याचा भार पडून तेहि जातात. एकत्र कुटुंबांत जो राबतो त्याच्याच अंगावर आणखी काम पडतें, त्यांतलाच हा प्रकार. यावर उपाय असा कीं, प्रत्येकाच्या वाटेंत ०.२२ ओमचा एक लहान रोध घालावा. जो अधिक ओढील त्याला तो रोध अधिक अडवितो आणि चौघांची कमाई जवळजवळ सारखी होते. प्रवाहाची मर्यादाहि अशाच एका रोधानें बांधली. ७२३ ला या रोधावर ०.६५ व्होल्ट दिसले कीं ती लगाम आंखडते, ०.६५ ला ५ नें भागून ०.१३ ओम.

सामान जमविण्यास हल्लीं अडचण पडत नाहीं. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता, ज्याचें नांव आतां डॉ. भडकमकर मार्ग असें आहे, आणि पुण्यांत बुधवार पेठेंतील पासोड्या विठोबाचा परिसर, या दोन ठिकाणीं हौशी लोकांच्या पिढ्या वाढल्या. १९६२ सालीं स्थापन झालेली ठाण्याची ‘ॲप्लॅब’ कंपनी असलींच यंत्रें प्रयोगशाळांसाठीं करीत आली. आमचें बहुतेक सामान टपालानें आलें. मात्र आर्वी हें कापसाचें गांव. जिनिंगच्या दिवसांत हवेंत कापसाचे तंतु उडतात आणि हीट-सिंकच्या पात्यांत बसून त्याचा श्वास कोंडतात. म्हणून पंख्यापुढें बारीक जाळी बसवून ती दर शनिवारीं झटकण्याचें काम घरांतील लहान मुलीकडे दिलें आहे, आणि ती तें देवपूजेइतक्या नेमानें करते.

या कामांत जिवाचा प्रश्नहि आहे, हें वाचकांपासून लपवून ठेवणें योग्य नाहीं. नियामकाची १५ व्होल्टांची बाजू निरुपद्रवी. पण ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू घराच्या २३० व्होल्टांस बांधलेली असते, आणि तेथें चुकीला क्षमा नाहीं. वहिनींनीं पहिल्याच दिवशीं बजावलें कीं, पोर एकटें असतांना ती पेटी उघडावयाची नाहीं. त्या नियमांत आम्ही आणखी भर घातली. पेटीचें धातूचें अंग अर्थिंगला जोडलेलें असावें; वाटेंत फ्यूज असावा; उघड्या जोडावर नळी चढविलेली असावी; पेटी उघडण्यापूर्वीं प्लग भिंतींतून काढून डोळ्यांसमोर ठेवावा. वीज काढली तरी कपॅसिटर भरलेलाच राहतो. म्हणून त्यास १,००० ओमचा रोध कायमचा जोडला, म्हणजे मिनिटभरांत तो रिता होतो. हे नियम कागदावर लिहून भिंतीला लावले आहेत. ज्या घरीं हे पाळले जाणार नाहींत, त्या घरीं हा छंद नको, असें माझें स्पष्ट मत आहे.

यंत्र पुरें झाल्यावर दादा एके सायंकाळीं माडीवर आले. १२ व्होल्टांवर भार नसतां १२.०० आणि पांच अँपिअर काढतांना ११.९७ असे आंकडे त्यांनीं चष्मा पुसून दोनदां पाहिले. त्यांचें त्यांत समाधान झालेंसें दिसलें नाहीं. दादांचें सारें आयुष्य कोषागारांत हिशोब तपासण्यांत गेलें. त्यांनीं वही मागितली आणि विचारलें, “छापील आंकडा ११५ चा, तुझा भार ९५ चा. मग एकाच्या जागीं चार कशाला? हा खर्च कोणी मंजूर केला?” मुलगा एरवीं चार शब्द बोलावयाचा नाहीं, तो अर्धा तास बोलला. ४५ अंश कोठून धरले, अर्धा अंश कोठला, दोन अंश कोठले, हें सर्व त्यानें सांगितलें. दादांनीं पेन्सिल घेऊन प्रत्येक बेरीज स्वतः केली. २८२ ची, १८७ ची, १४० ची. मग ते म्हणाले, “म्हणजे छापील आंकड्यावर विसंबूं नये, आपल्या गांवचा उन्हाळा त्यांत धरावा.” मुलगा म्हणाला, “होय, आजोबा.” दुसरें कांहीं बोलणें झालें नाहीं. चार दिवसांनीं तंत्रनिकेतनाचा अर्ज दादांनींच भरला, आणि पालकाच्या सहीच्या जागीं सही केली.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. याच पैशांत, किंबहुना याहून कमी पैशांत, बाजारांत तयार नियामक मिळतो. शिवाय आमचा नियामक उधळ्या आहे. १२ व्होल्टांवर ५ अँपिअर, म्हणजे ६० वॅट बाहेर देतांना तो ६५ वॅट स्वतः जाळतो. मोबाइलच्या चार्जरांत असते ती नवी पद्धति विजेचे अतिशय जलद तुकडे करून देते आणि फारच थोडी वाया घालविते. मग हा खटाटोप कशास? काटकसर हाच हेतु असेल तर तो करूं नये, हेंच प्रामाणिक उत्तर. नव्या पद्धतीची वीज रेडिओच्या कामांत खरखर करते, आमची शांत असते, एवढा लाभ आहे. पण खरा लाभ वहींत आहे. तयार पेटी विकत घेणाऱ्यास २८२ आणि १४० यांतील अंतर कधींच कळलें नसतें.

हा विचार आमच्या जिल्ह्याला नवीन नाहीं. १९३४ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि ऑक्टोबर १९३७ मध्यें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं वर्ध्यासच जी शिक्षणपरिषद भरली, तिनें हाताच्या उद्योगांतून शिक्षण द्यावें असें ठरविलें. पुढें डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना आंखली. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांनीं त्या योजनेचें कौतुक केलें, सूतहि थोडें कांतलें, पण मनांतून पोथी वर आणि हत्यार खालीं ही पायरी कायम ठेविली. उलट पुण्यास १९२८ सालीं गो. रा. परांजपे यांनीं सुरू केलेलें ‘सृष्टिज्ञान’ किंवा १९६६ सालीं मुंबईस स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद यांनीं विज्ञान मराठींत आणलें खरें, पण मराठींत वाचलेलें विज्ञान हातांत उतरावयाचें असेल तर घरांत एक मेज, एक दिवा आणि जळलेल्या वासाबद्दल थोडी सहनशीलता ही सामुग्री घरच्यांनींच पुरवावी लागते. मोटार गुंडाळणाऱ्याच्या दुकानांत आमचा मुलगा जमिनीवर बसून शिकला, यांत त्याच्या कुळास उणेपण आलें नाहीं. त्या कारागिराचे दोन वाढीव वेढे आजहि आमच्या यंत्राची लाज राखीत आहेत.

मुलगा पुढें कोण होईल हें आजच कोणी सांगूं शकत नाहीं. पदविकेचें पहिलें वर्ष चालू आहे, गुण पूर्वीसारखेच बेताचे आहेत, आणि पंगतीला तो आतां मान वर करून जेवतो. दादा अधूनमधून माडीवर जाऊन हीट-सिंकला हात लावून येतात. नियामकाकडे पाहतांना मला घराच्या कर्त्याचें काम आठवतें. बाहेरचा दाब २०० असो कीं २६०, आंतल्यांस बारा म्हणजे बाराच मिळाले पाहिजेत. मधलें अंतर त्यानें आपल्या अंगावर घ्यावयाचें आणि स्वतः तापावयाचें. एवढें मात्र या यंत्रानें शिकविलें कीं, तापणाऱ्यास एकट्यानें भार देऊं नये, त्याच्या मागें उष्णता सोडावयास ऐसपैस जागा असावी, आणि त्या जागेवरची धूळ कोणीतरी नेमानें झटकावी.